एकाच डोंगराची सुट्टी

गेल्या दिवाळीत आम्ही साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी चार दिवस राहिलो आणि त्या चार दिवसांत एकच डोंगर पाहिला. नाशिकला परतल्यावर शेजारीपाजारी आणि कार्यालयातल्या मैत्रिणी भेटल्या, त्या सगळ्यांचा प्रश्न एकच होता : "चार दिवस तिथे केलंत तरी काय?" उभ्याउभ्या या प्रश्नाचे उत्तर देणे मला जमले नाही. डोंगराळ मुलुखात सुट्टी घालवायची म्हणजे नेमके काय करायचे, याबद्दल गेल्या काही वर्षांत माझे मत हळूहळू बदलत गेले आहे आणि त्या चार दिवसांत ते पक्के झाले, म्हणून ते उत्तर इथे सविस्तर लिहीत आहे.

मत बदलायला एक जुनी सहल कारणीभूत झाली. काही वर्षांपूर्वी एका पर्यटन कंपनीबरोबर आम्ही हिमालयातल्या एका राज्यात गेलो होतो. सहा दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत बावीस 'पॉइंट' छापलेले होते आणि ते सगळे दाखवलेही गेले. पहाटे चारला उठायचे, गाडीत बसायचे, उतरून वीस मिनिटे उभे राहायचे, फोटो काढायचे आणि हाक आली की पुन्हा गाडीत चढायचे. सासूबाईंना घाटातल्या वळणांनी उलट्या होत होत्या. तरी वेळापत्रक कोणासाठी थांबणार नव्हते. घरी आल्यावर लेकीने एका फोटोतल्या बर्फाच्या शिखरावर बोट ठेवून "हा कोणता डोंगर?" असे विचारले, तेव्हा आम्हा तिघांपैकी एकालाही ते सांगता आले नाही. इतक्या लांब जाऊन ज्याच्यासमोर उभे राहिलो, त्याचे नावसुद्धा आम्ही घरी आणले नव्हते, याची मला फार लाज वाटली.

आणि राहतो कुठे, तर नाशिकला! शहराच्या पश्चिमेला त्र्यंबकची रांग आहे, तिच्यात ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि हरिहर आहेत. दक्षिणेला इगतपुरीच्या पलीकडे कळसूबाईची रांग दिसते. उत्तरेला अचला-अहिवंतपासून सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि धोडपपर्यंत सातमाळा पसरलेला आहे. आणि त्याच्याही उत्तरेला, गुजरातच्या सीमेला खेटून, बागलाणात, म्हणजे सटाण्याच्या मुलुखात, सेलबारी-डोलबारीच्या रांगा आहेत. साल्हेर याच मुलुखात येतो. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला असून शिखरांमध्ये १६४६ मीटरच्या कळसूबाईनंतर त्याचाच क्रमांक लागतो. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत आपल्या जिल्ह्यातला हा एकटाच आहे. अर्थात, आम्ही त्याची निवड केली ती या मानासाठी नव्हे. त्याच्या पायथ्याच्या एका कुटुंबाशी माझ्या यजमानांची जुनी ओळख होती आणि त्यांनी "घरी येऊन राहा" असे मनापासून सांगितले होते, एवढेच कारण पुरेसे होते.

सटाण्यापर्यंतचा रस्ता ओळखीचा. तिथे गाव ओलांडण्यापूर्वी आम्ही देव मामलेदारांच्या मंदिरात थांबलो. १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी उघडा करणारे मामलेदार यशवंतराव महाराज इथले. त्यांची समाधी मात्र नाशकात गोदाकाठी आहे. लहानपणापासून समाधी पाहत आलेल्या सासूबाईंना त्यांचे सटाणे पाहायचे होते आणि त्या सभामंडपात बराच वेळ शांत बसून राहिल्या. पुढे डांगसौंदाणे ओलांडून केळझरकडे वळलो, तशी डाळिंबाच्या आणि कांद्याच्या शेतांची सपाटी आखडत गेली आणि समोर साल्हेर आणि त्याचा जोडीदार सालोटा, मधली खिंड धरून उभे राहिलेले दिसले.

पहिल्या दिवशी आम्ही काहीही केले नाही. हे वाक्य मी जाणूनबुजून असे लिहिले आहे, कारण मला त्या दिवसाचे महत्त्व फार वाटते. त्या कुटुंबाच्या अंगणात बाज टाकलेली होती, तिच्यावर बसून आम्ही डोंगराकडे पाहत राहिलो. सकाळी तो करडा आणि सपाट दिसत होता, कागदातून कापून लावल्यासारखा. ऊन चढले तशा त्याच्या अंगावरच्या घळी उघडत गेल्या. आणि दुपार कलली तेव्हा कातळाचे पट्टे एकावर एक इतके स्पष्ट झाले की ते मोजता यावेत. लेकीने वहीत पहिले चित्र काढले ते याच वेळी. तिने डोंगर त्रिकोणी काढला नाही. एक उभा कडा, त्यावर गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी, असा जिन्यासारखा तो तिच्या कागदावर उतरला. तिला कोणी सांगितले नव्हते, पण सह्याद्रीची रचना अशीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला, थर थरावर साचत गेला. कठीण थराचा कडा राहिला आणि ठिसूळ थर झिजून त्याचा उतार झाला. या खडकाला भूशास्त्रात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात आणि त्यातला 'ट्रॅप' हा शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. हे मी तिला चित्र पुरे झाल्यावर सांगितले. आधी सांगितले असते, तर तिने डोंगराकडे न पाहता माझ्या सांगण्याकडे पाहून चित्र काढले असते.

दुसरा दिवस वसुबारसेचा होता. शहरात आपण या दिवशी गाय-वासराची पूजा करतो. इथल्या कोकणा आदिवासींच्या वस्त्यांवर ती वाघबारस असते. गावाच्या शिवेवर वाघदेवाचे ठाणे आहे. एक उभा दगड, त्यावर चंद्र, सूर्य, नाग आणि वाघ कोरलेले, आणि वर्षानुवर्षांच्या शेंदराने त्या रेषा इतक्या बुजत आलेल्या की वाघ डोळ्यांपेक्षा बोटांनीच लवकर सापडावा. गुराख्यांनी सकाळी घरोघर फिरून तांदूळ आणि डाळ गोळा केली होती. दुपारी तिथेच तीन दगडांची चूल मांडून रांधले गेले, देवाला नारळ वाढवला गेला आणि रानात चरणाऱ्या गुरांना वर्षभर सांभाळ, असे मागणे मागितले गेले. त्यानंतर एक मुलगा वाघ झाला आणि बाकीच्या मुलांनी आरडाओरडा करत त्याला शिवेबाहेर पिटाळून लावले. ज्याला घाबरायचे त्याचीच पूजा करायची, त्याच्याशी बोलून ठेवायचे आणि त्याला त्याची हद्द दाखवून द्यायची, हा सगळा व्यवहार किती शहाणपणाचा आहे, असे मला तिथे मांडी घालून पानावर भात घेताना वाटत होते. आम्ही पाहुणे होतो. फोटो काढू का, असे विचारले तेव्हा जेवणाचे काढा, पूजेचे नको, असे म्हाताऱ्या भगताने सांगितले आणि आम्ही तसेच केले. डोंगराळ गावात सुट्टीवर जाणाऱ्याने विचारून घेण्याची ही सवय बरोबर नेलीच पाहिजे. याच भागात पुढे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. त्यात कितीतरी दिवस व्रत पाळून, नाचत-गात, पौर्णिमेला माऊल्या, म्हणजे व्रत धरलेली माणसे, डोंगरावर जातात. आपल्याला जो ट्रेक असतो, तो त्यांच्यासाठी देवाच्या घरी जाण्याचा रस्ता असतो.

तिसऱ्या दिवशी चढलो. घरमालकांचा धाकटा भाऊ वाटाड्या म्हणून आला. त्याला आम्ही दादा म्हणत होतो. त्याने पहाटे साडेपाचला निघायला सांगितले होते, पण आमचे आवरता आवरता साडेसात वाजले आणि ही चूक आम्हाला महागात पडली. खिंडीपर्यंतची वाट गवतातून जाते. ऑक्टोबरात ते गवत कमरेएवढे, वाळून सोनेरी झालेले असते. ऊन एकदा त्यावर आले की सावलीचे नाव उरत नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी घेतले होते, त्यातले निम्मे खिंडीतच संपले. दादाने स्वतःच्या बाटलीतले दोन घोट घेतले आणि उरलेली बाटली लेकीच्या हातात दिली. तीन लिटर पाणी आणि पहाटेची निघण्याची वेळ, या दोन गोष्टींत तडजोड करू नये, असे मी कोणालाही कळकळीने सांगेन.

खिंडीतून साल्हेरच्या बाजूला वळले की कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. एका पायरीपाशी दम घ्यायला थांबले असताना मी ती नीट पाहिली. मधोमध ती बशीसारखी खोलगट झालेली होती आणि त्या खोलगट भागाला इतका गुळगुळीतपणा आला होता की बाकीच्या खडबडीत दगडात तो वेगळा चमकत होता. कडेला मात्र छिन्नीचे तिरके घाव अजून शाबूत होते. म्हणजे खोदणाऱ्याचा हात कडेला राहिला होता आणि चालणाऱ्यांचे पाय मध्ये. मी माझा पाय त्या खोलगटात ठेवला, तेव्हा तो तिथे असा बसला, जणू जागा आधीपासून माझ्यासाठी राखून ठेवली होती. मी बरीच मंदिरे आणि बरेच वाडे पाहिले आहेत. पण जुन्या माणसांची इतकी जवळची भेट मला दुसरीकडे कुठे झाल्याचे आठवत नाही.

दरवाजे ओलांडून गेल्यावर कड्याच्या पोटाशी गुहांची रांग येते आणि वर गेल्यावर पठारावर गंगासागर तलाव आणि रेणुकामातेचे मंदिर. इतक्या उंचीवर पाणी कसे, हा लेकीचा प्रश्न रास्त होता. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खाली उतरते आणि पाणी न पिणाऱ्या थरावर अडते. जुन्या माणसांनी असे थर ओळखूनच टाकी खोदली. किल्ला बांधणाऱ्याला तटबंदीच्या आधी पाणी शोधावे लागत असे, हे त्या तलावाच्या काठावर भाकरी सोडताना फार सहज पटते. नागलीची भाकरी, उडदाचे घट्ट पिठले आणि हिरव्या मिरचीचा ठेचा अशी आमची शिदोरी होती. दादाने जेवण झाल्यावर आजूबाजूला पडलेली वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या न बोलता गोळा करायला सुरुवात केली. मग आम्हीही उठलो. पोतेभर कचरा निघाला. तो खाली आणला.

सगळ्यात वरच्या टेकाडावर परशुरामाचे छोटे मंदिर आहे. याच शिखरावरून परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी मोकळी केली, अशी इथली कथा आहे. तिथून पाहिले तेव्हा ती कथा सुचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय असेल, ते कळल्यासारखे वाटले. पश्चिमेला जमीन खरोखरच एकदम खाली पडते आणि डांगचे जंगल समुद्रासारखे पसरत जाते. पूर्वेला मोरा, मुल्हेर आणि हरगड हे किल्ले, त्यांच्या पलीकडे मांगी-तुंगीचे जुळे सुळके. पाण्याची वाटणीही इथेच होते. पूर्व उतारावर पडलेला पाऊस मोसम नदीतून हरणबारीच्या धरणात, तिथून मालेगावला गिरणेत आणि पुढे तापीत जातो. पश्चिमेचा पाऊस डांगच्या नद्यांतून थेट अरबी समुद्र गाठतो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि पाणी म्हणजे पूर्वेला जाणारे, असे मनात धरून वाढतो. म्हणून पुरे वळण घेऊन शेवटी पश्चिमेलाच पोहोचणारे हे पूर्वउताराचे पाणी मला फार विलक्षण वाटले.

या वाटा धरून माणसेही आली-गेली. गुजरात आणि दख्खन यांना जोडणारे मार्ग बागलाणातून जात, म्हणून या किल्ल्यांचा इतका हव्यास होता. १६७१ च्या सुरुवातीला साल्हेर स्वराज्यात आला. मोगलांनी त्याला वेढा घातला, तेव्हा फेब्रुवारी १६७२ मध्ये वरघाटाने, म्हणजे घाटमाथ्यावरून, प्रतापराव गुजर आणि कोकणातून मोरोपंत पिंगळे अशा दोन फौजा चालून आल्या आणि खालच्या मोकळ्या मैदानात मराठ्यांनी मोगलांचा समोरासमोर पराभव केला. सूर्यराव काकडे याच लढाईत पडले. वरून ते मैदान बोटाएवढे दिसते. तिथे आज मका आणि भुईमूग असतो. दादाने बोट दाखवून त्यातले स्वतःचे शेत दाखवले आणि त्याच दमात लढाई कुठून कुठे झाली तेही सांगितले. त्याच्या बोलण्यात दोन्ही गोष्टींना सारखीच किंमत होती.

उतरायला उशीर झाला. माझ्या यजमानांचा गुडघा धरला होता आणि खिंडीच्या खाली आलो तेव्हा दिवस मावळला. शेवटचा अर्धा तास आम्ही दादाच्या विजेरीच्या उजेडात चाललो. मला मनातून भीती वाटत होती, हे मी लपवत नाही.

आम्ही वर असताना सासूबाईंनी काय केले, हे सांगितल्याशिवाय सुट्टीची हकिकत पुरी होणार नाही. कारण डोंगरावर जायचे ठरले की ज्यांना चढता येत नाही त्यांनी हॉटेलात बसायचे, असा एक अलिखित नियमच झाला आहे. सासूबाईंचे वय एकाहत्तर. त्या दिवसभर घरातल्या आजींबरोबर खळ्यावर होत्या. उडदाच्या वाळलेल्या शेंगा झोडून झाल्या होत्या आणि पाखडणे चालू होते. सासूबाईंचे माहेर शेतकऱ्याचे, निफाडकडचे. पण त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली आणि त्यांनी सूप हातात धरल्याचे मी तरी कधी पाहिले नव्हते. आम्ही अंधारात परतलो, तेव्हा दोघी कंदील मध्ये ठेवून बसल्या होत्या आणि सासूबाई सूप डाव्या मांडीला टेकवून, मनगटाला हलका झटका देत, उडीद वर उडवून फोलपट पुढे लोटत होत्या. दाणे परत सुपात पडताना सरींसारखा आवाज येत होता. त्यांनी मान वर न करता विचारले, "दिसला का गं समुद्र?" परशुरामाची गोष्ट आजींनी त्यांना सांगितली होती. हिमालयातल्या सहलीत सहा दिवस त्यांच्या चेहऱ्यावर जी थकून गेलेली कळा होती, ती मला आठवली आणि या दोन सुट्ट्यांमध्ये काय फरक आहे, ते मला कोणाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

त्या रात्री पाय दुखत होते, झोप येत नव्हती, म्हणून सगळे अंगणात आलो. दिवाळीच्या सुट्टीची एक मोठी देणगी आपल्या लक्षातच येत नाही. दिवाळी अमावास्येला येते, म्हणून सुट्टीच्या रात्री वर्षातल्या सर्वांत काळ्या रात्रींपैकी असतात आणि पाऊस नुकताच गेल्यामुळे, ढग नसतील तर हवाही धुतलेली असते. शहरात आपण हा अंधार माळांनी भरून टाकतो. इथे आकाशगंगा पश्चिमेकडून डोक्यावरून ईशान्येला जाताना धुरासारखी दिसत होती. नऊच्या सुमारास पूर्वेला कृत्तिका वर आल्या. लेकीने सहा मोजल्या, दादाने सात. देवयानी तारकासमूहातला तो अस्पष्ट ढग माझ्या यजमानांनी तिला दाखवला. ती नुसत्या डोळ्यांना दिसणारी, आपल्या आकाशगंगेबाहेरची दीर्घिका आहे आणि तिचा प्रकाश निघून सुमारे पंचवीस लाख वर्षे झाली आहेत, असे ते म्हणाले. आणखी दोनेक तासांनी मृग उगवला, तोपर्यंत सासूबाई आणि आजी तिथेच बाजेवर झोपी गेल्या होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी निघायचे होते, म्हणून सकाळी फक्त डोंगराला अर्धा वळसा घालून पलीकडच्या बाजूला चालत गेलो. पायवाटेच्या दोन्ही अंगांना खुरासणी पिवळीधमक फुललेली होती आणि भात कापणीला आला होता. त्या बाजूने साल्हेर ओळखूच येईना. इतका तो रुंद आणि थोराड दिसत होता. लेकीने चौथे चित्र तिथे काढले. मुल्हेर याही वेळी राहून गेले. तिथे उद्धव महाराजांच्या स्थानी कोजागिरीला रात्रभर रासक्रीडा होते, ती एकदा पाहायची आहे. पण ती चार दिवसांत कोंबण्याची घाई कोणालाच वाटली नाही.

मला माहीत आहे की आपल्याकडे डोंगराची सुट्टी म्हटले की पावसाळ्यातला शनिवार-रविवार डोळ्यांपुढे येतो. पहिने, दुगारवाडी आणि हरिहर इथे त्या दोन दिवसांत काय अवस्था होते, ते आपण सगळे पाहतो. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी अडकून राहतात. दगडात खोदलेल्या खोबणी धरायला हात मोकळा राहत नाही, कारण एका हातात मोबाइल असतो. अंजनेरीच्या पठारावर तर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात आहे, जिला नावच त्या डोंगराचे मिळाले आहे. वितीएवढ्या त्या रोपावर पाय पडला तर तुडवणाऱ्याला कळतही नाही. ज्यांना पावसातच जायचे आहे त्यांनी मधल्या वारी जावे, मळलेली वाट सोडू नये आणि ओढ्याचे पाणी गढूळ होऊ लागले की त्याच क्षणी काठ सोडावा. वरच्या अंगाला पाऊस झाल्याची ती खूण असते.

निघताना आजींनी सासूबाईंच्या पिशवीत दोन किलो उडीद आणि खुरासणीची पुडी घातली. चटणी कशी करायची ते तीनदा सांगितले. सासूबाईंनी त्यांना पुढच्या दिवाळीआधी एकदा नाशकाला, गंगेवर स्नानाला यायचे वचन द्यायला लावले. गाडी केळझरच्या पुढे एका वळणावर आली तेव्हा मागे पाहत बसलेली लेक एकदम म्हणाली, "बाबा, थांबवा ना." सालोटा साल्हेरच्या मागे पुरता लपला होता, खिंड नाहीशी झाली होती आणि दोन डोंगरांचा एकच, ओळख नसलेला डोंगर झाला होता. ती खाली उतरली, बॉनेटवर वही ठेवली आणि पेन्सिलीला टोक काढू लागली. आम्ही इंजिन बंद केले.